जावयाचा कॅमेरा

आधी चहा येऊ द्या, मग सांगतो. आणि एक अट आहे, मधे कुणी हसायचं नाही. हसलात तर मी उठून जाईन. मला राग आलाय. कधीचा म्हणता? गेल्या माघापासूनचा! अजून उतरलेला नाही. मी जो गाढवपणा केला ना, तसा अख्ख्या बोईसर-तारापुरात कुणी केला नसेल. केला असेल तर तो माणूस तोंड लपवून गाव सोडून गेला असेल. मी मात्र इथेच आहे, सरावलीत, भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर स्लॅबखाली तापत.

नवीन मंडळी आहेत म्हणून ओळख सांगतो. मी मूळचा कराडकडचा. एम.एस्सी. केमिस्ट्री. इथे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. म्हणजे काय, तर शितावरून भाताची परीक्षा. आलेल्या मालाचा चिमूटभर नमुना घ्यायचा, तपासायचा आणि माल पास की नापास ते ठणकावून सांगायचं. माझ्या टेबलावरून खराब माल पुढे सरकत नाही, अशी माझी ख्याती आहे. निदान तेव्हा होती.

बायको मृणाल, घिवलीची. समुद्राकाठचं गाव, घरची नारळा-केळीची वाडी, सासूबाई बोलक्या आणि सासरे, म्हणजे आप्पा, एकदम अबोल. आप्पांचं काय आहे, घरात कार्य निघालं की हा माणूस दिसतच नाही. सतत कामात. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांना शोधून दाखवा! एका फोटोत त्यांची पाठ आहे, भाताचं पातेलं उचलताना. बस. मुलीचा बाप, आणि अल्बममध्ये नुसती पाठ.

म्हणून धाकट्या मेहुणीचं, पल्लवीचं जमलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला बाकी कसले फोटो नकोत. माझा आणि आप्पांचा एक चांगला फोटो पाहिजे. दोघांचे चेहरे दिसणारा."

एक फोटो. पोरीनं मागून मागून काय मागितलं, तर एक फोटो.

घिवलीच्या घरचे सगळे फोटो आजवर पालघरच्या हरेश्वरभाऊंनी काढलेले. त्यांचा स्टुडिओ आहे. आमच्या लग्नालाही तेच होते, ती पाठ त्यांनीच टिपलेली. तर साखरपुड्याचं ठरवायला ते घिवलीला आले, पडवीत बसले, चहा घेतला आणि भाव सांगितला.

मी ताडकन म्हणालो, "एवढे? एवढ्यात तर नवा कॅमेरा येईल!"

हरेश्वरभाऊ शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "येल की जावईबापू. कॅमेरा येल. फोटो येतील काय?"

सगळी पडवी हसली. सासूबाई हसल्या, पल्लवी हसली, माझी स्वतःची बायको पदर तोंडाला लावून हसली. आप्पासुद्धा हसले, जे दिवाळीलासुद्धा हसत नाहीत! आता तुम्हीच सांगा, जावयाला राग येणार की नाही? माझा राग तर काय, कायम नाकावर भाड्याने राहतो. मी उभाच राहिलो. म्हटलं, "हे पैसे मला द्या. त्यात मी कॅमेरा आणतो, लेन्स आणतो. साखरपुड्याचे फोटो मी काढणार. फोटोही होतील आणि कॅमेरा घरचा होईल!"

सासूबाई म्हणाल्या, "अवो, पण तुमी जावई. तुमी बसायचं, मान घ्यायचा. फोटो काढत कुटं फिरता तुमी?"

"आई, मी शब्द दिला!"

आप्पा हळूच म्हणाले, "जावई म्हणतात तर बरोबरच असंल. शिकलेले हायत."

हे शेवटचं वाक्य मला अजून झोपू देत नाही.

तर सुरू झाली कॅमेऱ्याची खरेदी. देवा! मुलगी बघणं सोपं, घर बघणं सोपं, पहिला डीएसएलआर बघणं म्हणजे साडेसाती. मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. एक म्हणतो बॉडी चांगली घ्या, लेन्स काय, पुढे घेता येते. दुसरा म्हणतो बॉडीवर पैसे टाकणारा मूर्ख. तिसरा म्हणतो डीएसएलआरचा जमानाच संपला, आता मिररलेस घ्या. अरे, मग तुझ्या मागच्या कपाटात हे डझनभर डीएसएलआर कशाला ठेवलेस? मी मोबाईलवर ओरडायचो आणि मृणाल आतून विचारायची, "कोण आलंय?"

बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. सेल्समनने विचारलं, "बजेट क्या है, सर?" मी सांगितलं. त्याने काउंटरवर काढलेला खोका पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाला, "इसमें ट्रायपॉड अच्छा मिल जाएगा." ट्रायपॉड! त्यावर काय, माझं डोकं लावू?

आमच्या कंपनीत यादवजी म्हणून बॉयलरवर आहेत. गावाकडे त्यांच्या भावाचा फोटोचा धंदा, त्यामुळे कॅन्टीनमध्ये ते या विषयातले जगद्गुरू. ते म्हणाले, "साहब, बॉडी तो कपडा है, लेन्स आँख है. कपडा पुराना चलेगा, आँख अच्छी होनी चाहिए."

हे मात्र पटलं. म्हणजे हिशेब असा बसला. नवी बॉडी घेतली तर तिच्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्सच पदरात पडणार. दूरचं जवळ, जवळचं दूर सगळं जमतं, पण संध्याकाळी अंधुक उजेडात ती डोळे मिटते. आणि जुनी बॉडी घेतली तर उरलेल्या पैशांत पन्नास मिलिमीटरची लेन्स येणार. तिच्यात झूम नाही. माणसं मोठी हवीत तर आपण पुढे जायचं, लहान हवीत तर मागे. पण चेहरा असा येतो की पापणीचा केस मोजून घ्या, आणि मागचं सगळं लोण्यासारखं पुसट. मी ठरवलं, पन्नासची! पल्लवी आणि आप्पा, मागे पुसट वाडी. मला तो फोटो डोळ्यांसमोर दिसायला लागला.

मग जुनी बॉडी कुठे मिळेल? विचारत विचारत गेलो तर पालघर जिल्ह्यात विकायला काढलेली एकच चांगली जोडी होती. बॉडी आणि पन्नासची लेन्स. कुणाकडे?

हरेश्वरभाऊंकडे!

गेलो. काय करणार? मान खाली घालून पालघरला गेलो. वाटलं होतं आता हा माणूस टोमणा मारणार. "काय जावईबापू, आलात?" असं काहीतरी. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तर त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि कॅमेरा काढून पुढ्यात ठेवला. एक शब्द वाकडा नाही. मला इतका राग आला! चांगल्या माणसाशी भांडता येत नाही, याच्यासारखा वैताग नाही.

त्यांनी लेन्स ट्यूबलाईटसमोर धरून दाखवली. काच पाण्यासारखी. मग म्हणाले, "एक सांगतो. आपल्याकडची हवा दमट. कॅमेरा कपाटात कोंडून ठेवलात तर लेन्सला बुरशी धरते. रोज थोडा वापरा, उजेड दाखवा. काय होत नाय त्याला."

मला सांगतात! बुरशी, दमटपणा, हे मला! मी रोज मालातल्या ओलाव्याचा टक्का काढतो. मी नुसतं "हं" म्हटलं आणि पैसे देऊन निघालो.

पहिले चार-आठ दिवस काय फोटो आले म्हणून सांगू! मृणालचा एक काढला, गॅलरीत, भेंडीच्या कुंडीशेजारी. तिने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पापण्या दिसत होत्या. भेंडीवरचा मावासुद्धा दिसत होता.

आणि तिथेच माझ्या डोक्यात शहाणपणाचा किडा शिरला.

म्हटलं, साखरपुड्याला अजून दीड-दोन महिने आहेत. तोवर हा असा उघड्यावर राहिला, धूळ बसली, एमआयडीसीची हवा लागली, बुरशी आली, तर? अडाणी माणूस रोज वापरा म्हणणार. शिकलेला माणूस बंदोबस्त करणार. मी घट्ट झाकणाचा मोठा डबा आणला. खाली मऊ फडकं. ओलावा शोषायला सिलिका जेलच्या पुड्या. बुरशी-कीड फिरकू नये म्हणून रुमालात बांधून मूठभर डांबर गोळ्या, माझी आई लग्नातल्या शालूला ठेवायची तशा. शालू अजून नवाकोरा आहे आईचा! वर कॅमेरा, झाकण घट्ट, झाकणावरून चिकटपट्टी. आणि डबा माळ्यावर, स्लॅबला टेकून. चोर आला तरी हात पुरू नये.

मृणाल म्हणाली, "अहो, ते वापरा म्हणाले होते ना? मधूनमधून दोन फोटो तरी काढा."

"त्यांचं स्टुडिओचं ज्ञान त्यांच्यापाशी! हा डबा आता कार्याच्या दिवशीच उघडेल!"

ती नववी-दहावीच्या सायन्सच्या शिकवण्या घेते. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण माझा चेहरा बघून पुन्हा मिटलं. आता म्हणते, "तेव्हाच बोलायला हवं होतं." मग बोलायचं होतंस ना! मी काय चावतो?

साखरपुड्याचा दिवस उजाडला. घिवलीला अंगणात मांडव, पालघरहून मुलाकडची मंडळी आलेली, आणि मी गळ्यात कॅमेरा लटकवून मांडवाच्या मधोमध. डबा तिथेच, सगळ्यांसमोर उघडला होता, चिकटपट्टी टर्रकन ओढून. पोरं बघत होती. मला फार बरं वाटलं.

पण फोटो काढायला लागलो आणि डोकंच फिरलं. सगळीकडे मोबाईल! नवरामुलगा अंगठी घालतोय आणि समोर वीस हात वर, वीस मोबाईल. माझ्या फोटोत नवरी कमी आणि लोकांची मनगटं जास्त. मी ओरडलो, "सगळ्यांनी मोबाईल खिशात! एकही मोबाईल दिसता कामा नये! फोटो मी देणार आहे सगळ्यांना!"

मुलाचे मामा म्हणाले, "अहो, एक काढू द्या की."

"नाही म्हणजे नाही! घरात डीएसएलआर असताना मोबाईलचे भिकार फोटो कशाला?"

बिचाऱ्यांनी ठेवले हो मोबाईल. जावयाचा शब्द. एकेकाने गुपचूप खिशात घातले. हे नीट ध्यानात ठेवा.

आणि दुसरा वैताग म्हणजे वास. कॅमेरा डोळ्याला लावला की डांबर गोळ्यांचा असा भपकारा! मी मनात म्हटलं, या मावश्या-आत्या वर्षातून एकदा साड्या काढणार कपाटातून आणि तशाच गुंडाळून येणार. एक शेवंतामावशी म्हणून आहेत, सासूबाईंच्या चुलतबहीण. त्या अगदी माझ्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, जरा लांब उभ्या राहा. साडीला वास येतोय."

"वास? मना? अवो, नवीकोरी साडी हाय माजी! परवा घेतली पालघरला!"

"असू दे, असू दे. तिकडे उभ्या राहा."

शेवंतामावशी जेवल्या नाहीत. जेवण टाकून, पाठ करून ओटीवर बसून राहिल्या. सासूबाई समजूत घालून दमल्या. मी मनात म्हटलं, खोटं बोलतात आणि वर रुसतात!

कॅमेराही त्या दिवशी हट्टाला पेटला होता. चेहरा धरायचं नाव घेईना, नुसता गर्रगर्र करत पुढेमागे व्हायचा. पडद्यावर फोटो पांढरट वाटत होते. म्हटलं उन्हाची तिरीप असेल. रुमालाने पुढची काच पुसली, जरा बरं वाटलं, पुढे चालू. शेवटी आप्पांना भाताच्या पातेल्यापासून अक्षरशः ओढून आणलं. त्यांनी टोपी नीट केली. पल्लवीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आणि तुम्हाला खरं सांगतो, आप्पा हसले. त्या पडवीतल्यासारखं नाही, पोरीकडे बघून हसले. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "झाला! या एका फोटोसाठी सगळं केलं होतं!"

कॅमेरा डब्यात घालून, झाकण लावून घरी आलो. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला कार्ड लावलं.

दूध.

सगळीकडे दूध! फोटोमागून फोटो, नुसतं पांढरं धुकं. नवरा कुठे, नवरी कुठे, पत्ता नाही. कुणाचा साखरपुडा आहे तेच कळेना. अंगठी घालणारा हात ढगातून आल्यासारखा. आणि तो फोटो! पल्लवी आणि आप्पा. दोन पांढऱ्या सावल्या, एकीच्या डोक्यावर टोपी.

मृणाल मागे येऊन उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, "आप्पा हसले होते ना?"

मी पेटलो. डब्यातून लेन्स काढून उजेडात धरली. काचेवर पांढरी साय! कोपऱ्या-कोपऱ्यात चकाकणारे कण. बुरशी! आणि क्षणात माझ्या डोक्यात सगळा कट उलगडला. धंदा गेला म्हणून सूड! गोड बोलून, चहा पाजून, आतून सडलेली लेन्स माझ्या गळ्यात मारली! उगाच नव्हते बुरशी बुरशी करत. आधीच माहीत होतं लबाडाला!

फोन केला असता तर निम्मा राग फोनमध्येच गेला असता. मी तसाच स्कूटरला किक मारून पालघरला गेलो. स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी रांग होती. एक आजोबा स्टुलावर हनुवटी वर करून बसलेले. मी आत शिरलो आणि डबा टेबलावर आपटला.

"सूड उगवलात ना? साखरपुडा हातचा गेला म्हणून पोरीच्या कार्याचा सत्यानाश केलात!"

हरेश्वरभाऊंनी आजोबांना "जरा थांबा हां" म्हटलं आणि लेन्स हातात घेतली. "ही माझ्याकडनं गेली तवा काच साफ होती, जावईबापू. तुमीच बघितलीत."

"वरून साफ होती! आत बुरशी होती!"

"अवो, मग मृणालचा तो भेंडीचा फोटो कसा आला? घिवलीवरनं माझ्या मोबाईलवरबी आला तो. पापणी न पापणी दिसते."

"तेव्हा बुरशी लहान असेल!"

स्टुलावरचे आजोबा हसले. मी त्यांच्यावरही डोळे वटारले. हरेश्वरभाऊ म्हणाले, "ठेवून जा. खोलून बघतो, साफ करून देतो. पैसे नको मला."

"म्हणजे पुरावा नष्ट करायला? शक्य नाही! मी केमिस्ट आहे. कंपनीच्या लॅबमध्ये तपासतो, बुरशी सिद्ध करतो आणि मग बघतो तुमच्याकडे!"

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी तिथूनच लिहिलं, "सर्व फोटो खराब. विकणाऱ्याने फसवले. सोमवारी लॅबमध्ये सिद्ध करणार." घिवलीकर, कराडकर, मुलाकडचे सगळे त्या ग्रुपवर. सासूबाईंचा फोन आला, आवाज रडवेला, "हरेश्वरभाऊ असं करणार नाय वो. आपला माणूस हाय तो." मी म्हटलं, "आई, सोमवारपर्यंत थांबा."

सोमवार आला. जेवणाच्या सुट्टीत मी डबा लॅबमध्ये उघडला. यादवजी मुद्दाम बघायला आले होते, लॅबमधली आणखी चार टाळकी जमली होती. मी चष्मा चढवला, हातमोजे घातले. लेन्सच्या टोपणात आतून पांढरा थर होता, तो खरवडून काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. आता बुरशीचे धागे दिसणार!

धागे नाहीत. चकचकीत पापुद्रे. स्फटिक!

मी ओरडलो, "बघा! बुरशी नाही, हे रसायन आहे! त्याने लेन्समध्ये रसायन घातलंय!"

यादवजी म्हणाले, "बाप रे! केमिकल अटॅक?"

"सिद्ध करतो! कुठलं रसायन तेही सांगतो!" मी तो कण काचेच्या बारीक नळीत भरला आणि द्रवणांक काढायच्या यंत्रात लावला. कुठल्या तापमानाला वितळतं ते कळलं की रसायनाचं नाव सांगता येतं, आमचं रोजचं काम आहे ते. सगळे श्वास रोखून. तापमान चढतंय. सत्तर. पंचाहत्तर. ऐंशीला कण चटकन वितळून पाणी झाला.

ऐंशी. पांढरे चकचकीत पापुद्रे, ऐंशीला वितळणारे. जिभेवर नाव आलं होतं, मी ते जिभेवरच धरून ठेवलं. हातमोजा काढला, टोपण नाकाशी नेलं आणि वास घेतला.

तोच वास! साखरपुड्याला दिवसभर नाकात बसलेला तोच भपकारा.

पण लॅबमध्ये शेवंतामावशी कुठे होत्या?

मी डब्यात पाहिलं. कोपऱ्यात माझा रुमाल होता, माझ्याच हातची गाठ. गाठ सोडली. मूठभर ठेवलेल्या गोळ्या झिजून वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या. झिजलेलं सगळं कुठे गेलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दिवसा स्लॅबखाली तापून त्यांची वाफ झाली, रात्री गारठ्यात ती वाफ काचेवर बसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दीड-दोन महिने! घट्ट झाकण लावून, वर चिकटपट्टी लावून, मी, एम.एस्सी. केमिस्ट्री, माझ्या लेन्सला डांबर गोळ्यांचा मुलामा दिला होता. कुणी सूड उगवला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच फिर्यादी होता!

"क्या निकला, साहब?" यादवजींनी विचारलं.

"कंपनीचं यंत्र बिघडलंय," मी म्हणालो, आणि त्या बिचाऱ्या यंत्रालाही शिव्या घातल्या.

घरी येऊन मृणालला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तिने वह्या तपासता तपासता मान वर केली. "संप्लवन," ती म्हणाली. "घनाची सरळ वाफ होते. उदाहरणं द्या, कापूर आणि डांबर गोळ्या. माझ्या पोरांना तोंडपाठ आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही केमिस्ट आहात."

आता राग कुणावर काढू? सांगा ना! आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा राग आणि काढायला माणूस नाही. ग्रुपवर सगळे विचारतायत, "सोमवारचं काय झालं?" मी दोन दिवस मोबाईल बंद ठेवला. शेवटी पालघरला गेलो. रांग होतीच. सगळ्यांसमोर आरोप केला होता, म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी. हरेश्वरभाऊंनी पूर्ण ऐकून घेतलं. वाटलं, आता तरी दोन शब्द सुनावतील. त्यांनी खुर्ची पुसली! म्हणाले, "बसा. चा घेणार?" मी चिडून चहा घेतला. शेवंतामावशींकडे साडी घेऊन गेलो, तर त्यांनी ती दारातच नाकाला लावून हुंगली आणि मगच आत घेतली.

लेन्सचं म्हणाल तर ती आपोआप बरी झाली. उघडी ठेवली पंख्याखाली आठवडाभर, साय उडून गेली. रोज थोडा वापरा, उजेड दाखवा, बस! पण साखरपुड्याचे फोटो काही परत येत नाहीत. आणि मोबाईलवरचे? पल्लवी-आप्पांचा एकही नाही! मीच खिशात ठेवायला लावले होते ना सगळ्यांना.

लग्नाला हरेश्वरभाऊच होते. फोटो सुंदर आले. पण आप्पा? पुन्हा गायब. पाठवणीच्या वेळी वाडीच्या मागे जाऊन बसले, पोरगी जाताना बघवेना म्हणून. कुणी बोलवायला गेलं तर म्हणाले, "माझा फोटो झालाय साखरपुड्याला. जावईंनी काढलाय."

म्हणून पल्लवीने सासरी जाताना तोच फोटो मागितला. तोच, पांढरा! एक तिने नेला आणि एक मोठा करून, चौकट घालून घिवलीच्या पडवीत लावून गेली. दोन सावल्या, एकीच्या डोक्यावर टोपी. म्हणते, "आप्पा हसतायत ते मला माहीत आहे ना."

मी हात जोडले, आई, तो काढा म्हणून. सासूबाई ऐकत नाहीत.

परवा घिवलीला गेलो होतो. लांबचे कुणी पाहुणे आले होते, पडवीत माझ्याशेजारीच बसले. चहा घेता घेता त्यांची नजर वर गेली. "वा! महाबळेश्वरला काढला काय?"

"नाय वो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "हितंच अंगणात. हे आमचे जावई, त्यांनी काढला. मोठ्या कंपनीत हायत. सगळा माल हे तपासतात. यांनी बरोबर म्हटल्याबिगर काय भायेर जात नाय."

पाहुण्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळूच कप खाली ठेवून विचारलं,

"औषधांची कंपनी नाही ना?"